समकालीन नृत्यात तंद्री लागते ती कशाने?

पळसफूल

नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरीकडच्या एका गावात मुलामुलींना समकालीन नृत्य शिकवते. कन्टेम्पररी म्हणतात ते. जागा समाजमंदिराची, आरसा नाही, ब्लूटूथचा एक स्पीकर आहे आणि तो चार्ज करायला लाइट असावी लागते. मुलं शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या वयाची. बहुतेक जण टीव्हीवरचे डान्स शो बघून आलेत, एकदोघे घरच्या दंडारीतून, म्हणजे इकडच्या गावोगावच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यातून.

बसवलेला नाच असला की सगळे रमतात. गाणं ठरलेलं, स्टेप ठरलेल्या, घाम गळेपर्यंत करतात. पण "आता गाणं विसरा, मनाने हला" म्हटलं की हॉलमध्ये सुतक. एक केस सावरते, दुसरी खिडकीकडे बघते, तिसरी मैत्रिणीला कोपर मारून हसते. दंडारीतला पोरगा तर सरळ भिंतीला टेकून उभा राहतो. हीच मुलं गणपती विसर्जनाला बेभान नाचताना मी बघितलीयेत.

नाचात पूर्ण बुडणं, वेळ कसा गेला ते न कळणं, आपण कसे दिसतोय हा विचारच न येणं, या अवस्थेला मानसशास्त्रात फ्लो म्हणतात. मोकळं सोडलं की ती आपोआप येते असं मला शिकवलं गेलं. इथे मोकळं सोडलं की मुलं गोठतात. असं का होत असेल? नाचणारे, शिकवणारे, मानसशास्त्रवाले, कोणीही सांगा. फक्त "आधी मेडिटेशन घ्या" हे नको. घेतलं होतं. निम्मी झोपली.

ठेचाभाकर

ताई, विसर्जनाचं मानसशास्त्र म्या सांगतो. डीजे अन् अंधार. हॉलमधले लाइट बंद करा, अर्धं काम झालं. फ्लोबिलो कायले पाह्यजे?

वडसा_रातपाळी

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकात ढोलकीवर असतो. त्याच्याआधी लहानपणी गावच्या दंडारीत नाचलो. तुमच्या भिंतीले टेकलेल्या पोराच्या बाजूनं बोलतो.

दंडारीत तुमाले कोणी "मनानं नाच" म्हणत नाई. ढोलकी सांगते. तिनं चाल बदलली की पाय बदलला पायजे, नाई बदलला त बाजूच्याच्या अंगावर जाते माणूस. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री आखरावर, गावच्या मोकळ्या जागेत, हजार डोळे असतात, बाया, म्हातारे, पोट्टे, समदे. पण त्या डोळ्यांकडं पायले फुरसतच नसते. कान ढोलकीकडं, नजर पुढच्याच्या टाचेकडं. कवा पहाट झाली समजत नाई. आमच्याकडं याले कोणी फ्लो म्हटलं नाई, "अंगात लय बसली" म्हणतात.

तुमी त्या पोराची ढोलकी काढून घेतली, पुढची टाच काढून घेतली, अन् म्हणता नाच. दावं सोडलं म्हणून गोऱ्हा लगेच उधळत नाई, पयले तो जागच्या जागी उभा रायते. त्याले समजतच नाई की सोडलं म्हणजे काय.

मनाचा_मागोवा

वडसाभाऊंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी नागपुरात समुपदेशक आहे, नाचातलं मला कळत नाही, पण या विषयावर वाचलंय. जरा लांबण लावतो.

फ्लोची कल्पना मांडली मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी (१९३४–२०२१). हंगेरियन घरातले, पुढे शिकागोला शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. १९७५ मध्ये त्यांचं यावरचं पहिलं मोठं काम छापून आलं. त्यात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, संगीतकार यांच्या जोडीने आधुनिक नृत्य करणारेही होते. म्हणजे नाच या सिद्धांताला मागाहून चिकटवलेला नाही, त्याच्या पायाभरणीतच आहे. पैसा नाही, बक्षीस नाही, तरी ही माणसं तासन्‌तास तेच का करत राहतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

उत्तरात काही अटी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. पुढच्या क्षणी काय करायचं ते स्पष्ट हवं. केलेलं जमलं का हे तिथल्या तिथे कळायला हवं. आणि काम आपल्या कुवतीला पुरतं ताणणारं हवं: कुवतीच्या फार खाली असेल तर कंटाळा येतो, फार वर गेलं तर धास्ती बसते. वेळेचं भान जाणं, स्वतःचा विसर पडणं हे सगळं या अटी जुळल्यावर होतं. शिकवणारे मात्र सुरुवातच "स्वतःला विसरा" इथून करतात.

आता तुमची सूचना बघा, "मनाने हला". काय करायचं ते ठरलेलं नाही. जमलं की नाही कळायची सोय नाही. अवघड किती आहे याचा अंदाज नाही. अशा वेळी त्या मुलीकडे निकाल कळायचा एकच मार्ग उरतो, समोरच्याचे डोळे. खिडकीकडे ती लक्ष उडालं म्हणून बघत नाहीये. आपण पास की नापास हे शोधतेय.

घुंगरू२१

वर्ध्याहून, कथक. मला हे वाचून मनातून बरं वाटतंय, ते लपवत नाही.

आमच्याकडे ही सगळी सोय शेकडो वर्षांपासून आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा, तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा, घेतली की शेवटचा 'धा' समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे. पडला की अंगावर काटा येतो, अर्ध्या मात्रेने हुकला तरी स्वतःलाच कळतं, परीक्षक लागत नाही. कुवतीप्रमाणे वाढवायचीही सोय आहे: आधी बरोबरीची लय, मग दुप्पट, चौपट. मागोवादादांच्या अटी आमच्या गुरूंनी न सांगता पाळल्या.

समकालीनवाल्यांनी ताल सोडला, मुद्रा सोडल्या, कथा सोडली आणि आता विचारतात मुलं हरवली का म्हणून. सोडलंत काय काय याची यादी करा आधी.

पळसफूल

घुंगरूताई, टोमणा पोचला. पण "सगळं सोडलं" हे बाहेरून दिसतं तसं नाहीये.

नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं. त्यात काहीच बसवलेलं नसतं, तरी नियम अगदी कडक असतो: दोघांच्या शरीरांचा स्पर्श जिथे आहे तो बिंदू सरकत राहिला पाहिजे आणि वजन त्याच्यातून दिलं-घेतलं गेलं पाहिजे. तुम्ही खोटं वजन दिलंत तर समोरचा पडतो. तुमच्या समेइतकाच रोखठोक हिशोब आहे हा. त्यांचाच आणखी एक अभ्यास आहे, नुसतं उभं राहायचा. डोळे मिटून, अंग सैल सोडून उभं राहा आणि न पडण्यासाठी घोट्यात, पोटरीत, पाठीत जी बारीक बारीक हालचाल आपोआप चालू असते ती पाहा. याला ते छोटा नाच म्हणत.

इस्रायलचे नृत्यदिग्दर्शक ओहाद नहारिन यांची गागा नावाची नृत्यपद्धत आहे. तिच्या वर्गात आरसे नसतात, असले तर झाकतात, आणि नुसतं बघत बसायची परवानगी कोणालाच नसते. जो खोलीत आला त्याने हलायचंच. आणि आपल्याकडे चंद्रलेखा होत्या, जन्म १९२८, आपल्या महाराष्ट्रातल्याच वाड्याच्या. भरतनाट्यम कोळून प्यायलेली बाई. १९८५ च्या 'अंगिका'मध्ये त्यांनी भरतनाट्यमच्या जोडीला योग आणि केरळची युद्धकला कलरीपयट्टू आणून ठेवलं. काय सोडायचं हे त्यांना ठाऊक होतं कारण आधी ते अंगात होतं.

एवढं लिहिताना माझं मलाच कळलं. मला शिकवणाऱ्यांनी "मोकळे व्हा" म्हटलं तेव्हा आमच्या अंगात अशा अनेक अटी आधीच मुरलेल्या होत्या. इथल्या मुलांना मी अट न देता एकदम मोकळं सोडलं.

ठेचाभाकर

मले एक सांगा, ते डोपामाइन का काय म्हणते ना, व्हॉट्सॲपवर येते रोज. त्याचा काही संबंध हाये का? का नुसतंच?

मनाचा_मागोवा

ठेचाभाऊ, व्हॉट्सॲपवर येतं तितकं सोपं नाही. अर्न डिट्रिच यांनी २००४ च्या सुमारास असा तर्क मांडला की फ्लोमध्ये मेंदूचा कपाळामागचा भाग, जो स्वतःवर पाळत ठेवतो, बरंवाईट तोलतो, तो काही काळ मंदावतो. अंगवळणी पडलेलं काम मग बिनाअडथळा होतं. २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात आडवं पाडून छोट्या कीबोर्डवर उत्स्फूर्त वाजवायला लावलं. त्यात त्या भागाचा बाजूचा हिस्सा खरंच शांत झालेला दिसला. मधला मात्र जास्त जागा झाला होता, म्हणजे "मेंदू बंद पडतो" हेही खरं नाही.

नाचाबद्दल अडचण अशी की एमआरआयमध्ये डोकं हलवून चालत नाही. नाचणाऱ्याला तिथे नाचवणार कसं? म्हणून "नृत्यातला फ्लो मेंदूत अमुक ठिकाणी असतो" असं कोणी ठासून सांगितलं तर हात जोडून निघावं.

एटापल्ली_एसटी

मी नोकरीमुळे गडचिरोलीतल्या एटापल्ली भागात असतो, शिक्षक आहे. इथला रेला, म्हणजे इथल्या आदिवासींचा गाण्यासोबतचा नाच, बघितल्यापासून मला हा प्रश्न पडतो.

मुली एकमेकींच्या हातात हात गुंफून गोल धरतात, एक बाजू ओळ म्हणते, दुसरी उचलते. पाऊल म्हणाल तर अगदी साधं, मला स्वतःला थोड्या वेळात जमलं. तेच पाऊल तासन्‌तास. मागोवादादांच्या हिशोबाने इतक्या सोप्या कामात कंटाळा यायला पाहिजे. कोणालाच येत नाही. लाजणारी मुलगीही गोलात शिरली की लाजत नाही, कारण गोलात कोण कोणाकडे बघणार? सगळ्यांची तोंडं आत. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र हाच रेला मंचावर एका ओळीत उभा करतात, तोंडं पाहुण्यांकडे. की लगेच तो मेला. हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी बोलतो, कोणी ऐकत नाही.

मनाचा_मागोवा

फार मोलाचं लिहिलंत. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

रेला, विसर्जनाची मिरवणूक, दिंडी, गुरुदेव सेवा मंडळातलं रंगलेलं खंजिरी भजन, यांत 'मी' विरतो तो सगळ्यांनी एकाच ठेक्यावर हलल्यामुळे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डुरखेम यांनी १९१२ मध्येच या सामूहिक उधाणावर लिहिलं होतं. २०१५ मध्ये ब्रॉनविन टार आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचवून पाहिलं. एकाच तालात, एकसारखं नाचलेल्या मुलांची दुखणं सोसायची ताकद नाचानंतर वाढलेली आढळली आणि एकमेकांबद्दलची जवळीकही. जोरात नाचल्याचा परिणाम वेगळा होता, एकत्र नाचल्याचा वेगळा, दोन्हींची बेरीज झाली.

याला कौशल्य फारसं लागत नाही. चिक्सेंटमिहाय यांचा फ्लो कौशल्याला ताण दिल्याने येतो, एकट्या माणसालाही येतो. दोन्हींत स्वतःचा विसर पडतो म्हणून आपण एकच समजतो. पळसताईंची मुलं पहिल्यात तरबेज आहेत, दुसऱ्याची त्यांना सवय नाही. म्हणून विसर्जन बघून "यांना तर येतंच" असं धरून चालणार नाही.

सुनबाई_भंडारा

मी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही.

मुलग्यांचं ठीक आहे. मुलींचं काय? बारा-तेराव्या वर्षापासून मुलीला शिकवतात ते नेमकं स्वतःकडे बाहेरून बघायला. ओढणी नीट आहे का, बसताना पाय कसे आहेत, हसताना दात किती दिसतात. दिवसभर हेच डोक्यात चालू. आणि संध्याकाळी ताई म्हणणार, स्वतःला विसर. विसरायला लावता म्हणजे तिची राखण काढून घेता. उद्या किराणा दुकानात कोणी म्हणालं "काल लोळत होतीस म्हणे समाजमंदिरात", तर तिच्या बाजूने कोण बोलणार?

लग्नाआधी मी शाळेत नाचायचे. आता नाचाच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते धानाच्या रोवणीला. चिखलात पोटरीपर्यंत पाय, बायांची ओळ, गाणं चालू आणि हात आपोआप. कमरेला कळ लागलेली असते, ती बांधावर आल्यावर समजते. तिथे कोणी बघत नसतं असं नाही, पण बघणाऱ्याला नाव ठेवायला जागा नसते. काम चाललंय ना.

खिडकी बंद करा हे पहिलं. बाकी शास्त्र नंतर.

मनाचा_मागोवा

सुनबाई, तुम्ही जे लिहिलंत त्यावर बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टॉमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये पूर्ण सिद्धांत मांडलाय. बाईला सतत पाहण्याची वस्तू म्हणून वागवलं की ती स्वतःच स्वतःकडे तसं पाहू लागते, आणि त्याने शरम, धास्ती वाढते आणि फ्लोच्या संधी कमी होतात. फ्लो हा त्यांच्या मांडणीतला थेट मुद्दा आहे. पुढच्या वर्षीच्या एका प्रयोगात मुलींना बंद खोलीत, आरशासमोर, काहींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालायला दिला आणि तसंच बसून गणितं सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मुलग्यांच्या गणितावर कपड्यांचा तसा परिणाम झाला नाही.

म्हणजे खिडकी बंद केली तरी आतली खिडकी उघडी राहते, पण सुरुवात बाहेरच्या खिडकीपासूनच करावी. आणि कपडे! घट्ट लेगिंग्ज सक्तीच्या असतील तर त्या आधी काढून टाका. म्हणजे नियम काढून टाका म्हणतोय, गैरसमज नको. 😀

ठेचाभाकर

बरं झालं खुलासा केला बाप्पा.

हाडवैद्य_नाही

गोंदियाला फिजिओथेरपिस्ट आहे. तंद्रीचं कौतुक वाचून माझा जीव वरखाली होतोय.

बुडून नाचणाऱ्याला दुखणं उशिरा कळतं. वर टार यांच्या प्रयोगात सहनशक्ती वाढली म्हणालात, ती माझ्या दृष्टीने धोक्याची घंटा आहे. समाजमंदिरात खाली काय आहे? शहाबादी की सिमेंटचा कोबा? नाचायच्या चांगल्या मजल्याला लाकडाखाली लवचीक आधार असतो, तो धक्का पितो. कोबा काहीच पीत नाही, सगळं नडगीवर येतं. आधी नडगीच्या आतल्या कडेला पसरून दुखतं, तेव्हा थांबलं तर ठीक. तसंच रेटलं तर हाडाला बारीक चीर जाते. एका बोटाने दाबून नेमक्या एका जागी कळ आली, किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकलं, तर नाच बंद आणि आधी तपासणी. मुलींना पाळी अनियमित असेल, जेवण अपुरं असेल तर ही चीर लवकर जाते. हे विचारायला संकोच करू नका, वर्गात एखादी मोठी बाई असू द्या, तिने विचारावं.

उड्या नकोत, निदान रोज नकोत. दंडार मातीच्या आखरावर होते हे विसरू नका. अंगण सारवलेलं असेल तर कोब्यापेक्षा ते बरं.

आणि घड्याळ शिकवणाऱ्याकडे हवं. बुडालेल्याला वेळ कळत नाही असं सगळेच म्हणतायत, मग कोणाला तरी कळायला पाहिजे ना.

पळसफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात काही गोष्टी करून पाहिल्या, त्या लिहिते.

"मनाने हला" ही सूचना कायमची बंद. त्याऐवजी अट. पहिली अट होती, शरीराच्या तीनच जागा जमिनीला टेकलेल्या हव्यात, कोणत्या ते तुमचं तुम्ही बदला, पण चौथी टेकली की बाद. दुसरी, जोडीदाराच्या पाठीला तुमचा कोपर लागलेला राहिला पाहिजे, तो कुठेही गेला तरी. खिडक्यांना बारदाना लावला. बघे पोरं दारात यायची, त्यांना सांगितलं की आत या आणि करा, नाहीतर घरी जा. बरीचशी घरी गेली.

दंडारीतल्या त्या मुलाचं सांगते. तीन जागांच्या अटीत तो दोन तळवे आणि एक पाऊल टेकवून होता. डावा तळवा उचलून गुडघा टेकवायचा होता, पण गुडघा पोचायच्या आत तळवा सुटला तर दोनच जागा उरणार. त्याने वजन इतकं हळू सरकवलं की मनगट थरथरायला लागलं, दंडाची शीर वर आली, तोंड उघडं. शेजारचा धाडकन पडला आणि सगळे हसले, याने मान वळवली नाही. गुडघा टेकला तेव्हा "हं" असा आवाज निघाला तोंडातून. नंतर विचारलं किती वेळ चाललं असेल, तर म्हणाला, आत्ताच तर सुरू झालं होतं मॅडम.

सगळ्यांचं असं झालं नाही. कोपराच्या अटीत मुलगा-मुलगी जोडी केली तिथे परत तेच हसू, तेच गोठणं. आता जोड्या त्यांच्याच त्यांनी पाडायच्या. एका मुलीला तीन जागा फार सोप्या वाटल्या, ती कंटाळून बसली. तिला डोळे मिटून करायला लावलं तेव्हा जरा रंग भरला. अजून एक, सूचनेची भाषा बदलली. "टाच उचल" म्हटलं की मुलं खाली टाचेकडे बघून अडखळतात. "जमीन मागे ढकल" म्हटलं की तीच टाच छान उचलली जाते. मला वाटलं हे माझंच निरीक्षण.

मनाचा_मागोवा

गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९० च्या दशकापासून यावर भरपूर काम केलंय. लक्ष अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीचा बाहेर जो परिणाम होतो त्यावर ठेवलं तर तोल आणि सफाई दोन्ही सुधारतात, असं त्यांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं. स्वतःच्या टाचेवर पाळत ठेवणं हीसुद्धा एक प्रकारची खिडकीच.

घुंगरू२१

मनगट थरथरतंय हे वाचून मान्य केलं, अट खरी आहे. पण एक शंका राहतेच. हे बघायला कसं होतं? करणाऱ्याला तंद्री लागली म्हणजे बघणाऱ्याला काही मिळालं असं थोडंच आहे? माझे सगळ्यात वाईट कार्यक्रम मला स्वतःला फार रंगल्यासारखे वाटले होते.

शिवाय रियाज. अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर जो अभ्यास केला त्यात हेच आहे की सुधारणा घडवणारा सराव मुळात मजेचा नसतो, चुका शोधत शोधत करावा लागतो. तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं मूळ काम, तासभर घोटताना मला कधी तंद्री लागली नाही, वैताग आला. तो वैताग काढून टाकला तर मंचावरची तंद्री कुठून आणणार?

पळसफूल

बघायला खरं सांगू? काही वेळा सुंदर, बरेचदा नुसती धडपड. वैतागाचा भाग मी वर्गाच्या सुरुवातीला ठेवते, पडायचं कसं, लोळायचं कसं, खांद्यावरून उलटी कशी घ्यायची. तेच तेच. अटीचे खेळ शेवटी.

वडसा_रातपाळी

घुंगरूताईंच्या शंकेवर. आमचं नाटक रात्री उशिरा सुरू होते ते उजाडेपर्यंत चालते. दिवाळीनंतर सीझन लागला की रोज नवं गाव, गाडीतच झोप. त्यात एकदम बुडून जाणारा नट मी पायलाय. रडायचा सीन असा रंगवते की स्वतःच हुंदके देते, अन् मागच्या रांगेले एक शब्द ऐकू जात नाई. दुसरा नट त्यापेक्षा पक्का. तो रडते बी, अन् कोणतं पोरगं मंडपाच्या खांबावर चढून रायलं तेबी त्याले दिसते. पब्लिकनं लावणीले वन्स मोर दिला की ढोलकीले डोळा मारते, आमी परत उचलतो. बुडालेलाच असते तो, पण नाक पाण्याच्या वर.

माझं म्हणणं, पोट्ट्यांले आत्ताच त्याच्यात घालू नका. पयले बुडू द्या. कार्यक्रमाची घाई केली की परत समदे खिडकीकडं पायतीन.

सुनबाई_भंडारा

वडसाभाऊंशी सहमत. स्नेहसंमेलनात ठेवू नका लगेच. आणि बारदाना लावलात ते बरं केलंत, पण मुलींच्या आयांना एकदा आत बोलवा. बघायला नाही, करायला. तीन जागा टेकवून त्यांनाही थरथरू द्या थोडं. त्याने किराणा दुकानातली अर्धी बडबड थांबेल.

हाडवैद्य_नाही

आया येणार असतील तर गुडघ्याखाली सतरंजीची घडी. चाळिशीपुढच्या बायांनी कोब्यावर गुडघे टेकायचे नाहीत. उकिडवं बसताना कळ येत असेल तर तीन जागांमध्ये गुडघा नकोच, बसूनच करा.

ठेचाभाकर

म्या काल घरी करून पाह्यलं, तीन जागा टेकवून. बायको म्हणे काय सांडलं का खाली. पण खरं सांगतो, चहा निवला तरी ध्यान नव्हतं. फ्लोबिलो मागं घेतो.

एटापल्ली_एसटी

पळसताई, एक सुचवू? तुमची कोपराची अट गोलात करून बघा, तोंडं आत. प्रत्येकाचा कोपर पुढच्याच्या पाठीला, आणि गोल फिरता ठेवायचा. जोडी कोणाची कोणाशी हा प्रश्नच मिटतो.

पळसफूल

हे पुढच्या वर्गातच करते. वडसाभाऊ, गोलाला ढोलकी ठेवावी की नको, मला ठरवता येत नाहीये. ठेवली तर मुलं तालावर एकसारखी हलायला लागतील, मग ते विसर्जनासारखंच होईल. न ठेवावी तर शांततेत परत एकमेकांची खुसफुस ऐकू येते.

वडसा_रातपाळी

ठेवा, पण सरळ ठेका नको. वाजवणाऱ्याले सांगा, पोट्ट्यांकडं पाहून वाजव, त्यांच्या मागं जा, पुढं पळू नको. आमच्याकडं एक पोरगा आहे, त्याले जमते. पाठवून देतो, फक्त जाण्यायेण्याचं भाडं द्या त्याले. अन् मंडईच्या आधी काय ते करून घ्या, एकदा सीझन लागला की तो तुमाले होळीपर्यंत दिसत नाई.